लँडिंग नेटसाठी रबरी बदली जाळं: घ्यावं का?

लँडिंग नेट म्हणजे गळाला लागलेला मासा पाण्यातून उचलायचं, कडी आणि दांडा असलेलं जाळं. कडी आणि दांडा शाबूत असेल तर नवं नेट घेऊ नका, फक्त जाळं बदला. गाठींच्या नायलॉन जाळ्यात ट्रेबल हूक (तीन टोकांचा गळ) अडकतो, जिताड्याचे खवले निघतात, शेपटीचा पर फाटतो. मासा परत सोडायचा असेल तर हे नुकसान मोठं. रबर लावलेल्या जाळ्यात हूक चटकन सुटतो, वासही कमी राहतो. जाळं जड होतं, ओढीच्या पाण्यात नेट फिरवायला जोर लागतो. तरी खाडीच्या मासेमारीसाठी मी हेच सुचवेन.

मापात बहुतेकजण चुकतात. पाकिटावरचा आकडा व्यासाचा की घेराचा, ते आधी पाहा. ६० सेंमी व्यासाच्या गोल कडीचा घेर साधारण १८८ सेंमी. कडी गोल नसेल तर सुतळी फिरवून मोजा.

बांधताना एका टोकापासून सुरुवात केलीत तर शेवटी चुण्या पडतात. आधी समोरासमोर चार जागी बांधा, मग मधले भाग समान भरा. पाकिटातला दोरा बारीक असतो, तो वापरूच नका. २ मिमी जाड नायलॉन दोरी घ्या, दर ४–५ सेंमीवर दुहेरी गाठ मारा, टोकं वितळवा.

जाळं उतरलंय तोवर दांड्याच्या जोडातले स्क्रूही काढून पाहा. अॅल्युमिनियममधला स्टीलचा स्क्रू खाऱ्या पाण्यात भोवतालचा धातू खातो, आणि मोठा मासा उचलताना कडी तिथेच निखळते. भोक सैल झालं असेल तर आरपार बोल्ट आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, सहज सैल न होणारा) बसवा, ग्रीस लावून. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धुवा.