फायरप्लेसभोवतीचा पॅटिओ: न्यू जर्सीतील एका डिझाइन-सेवेचे परीक्षण

न्यू जर्सीच्या उत्तर भागात घरामागे पॅटिओ, म्हणजे बसण्यासाठी फरशी घातलेले अंगण, बांधून देणाऱ्या कंपन्यांना तोटा नाही. माणसे कुठे बसतील आणि धूर कुठे जाईल याचा आधी विचार करून मग दगडाचे नमुने पुढे ठेवणाऱ्या कंपन्या मात्र थोड्या आहेत. मॉरिस काउंटीतील ज्या लहान कंपनीकडून आम्ही लाकडावर चालणारी फायरप्लेस आणि तिच्याभोवतीचा पॅटिओ करून घेतला, तिचे पहिले श्रेय हेच आहे. तिच्या डिझायनरबाईंनी पहिल्या भेटीत एकही कॅटलॉग उघडले नाही. गवतावर नारिंगी फवाऱ्याने फायरप्लेसची जागा आखून त्यांनी आमच्याच घडीच्या खुर्च्या तिच्यासमोर मांडायला लावल्या आणि स्वयंपाकघराच्या दारापासून तिथपर्यंत हातात ताट घेऊन चालून पाहायला सांगितले.

फायरप्लेस हवी की मोकळा फायर पिट, म्हणजे विस्तवाचा उघडा खड्डा, या प्रश्नावर त्यांनी आम्हाला जे सांगितले ते विक्रीच्या दृष्टीने त्यांच्या तोट्याचेच होते. फायर पिटभोवती चहूबाजूंनी बसता येते आणि तो पुष्कळ स्वस्त पडतो. फायरप्लेसला तोंड एकच, त्यामुळे बैठक अर्धवर्तुळाकार होते आणि सात-आठ माणसांच्या पलीकडे ऊब फारशी पोहोचत नाही. कोजागिरीला आणि दिवाळीच्या फराळाला आमच्याकडे भरपूर गर्दी होते, म्हणून हा मुद्दा आम्हाला चांगलाच खटकला. तरीही आम्ही फायरप्लेसच निवडली, कारण धूर धुराड्यातून वर जातो, पाठीची भिंत वारा अडवते आणि शेजारच्या घराकडून थोडा आडोसाही मिळतो. गर्दीवरचा उपाय त्यांनी बैठकीच्या रचनेतच काढला. विस्तवासमोर सहा-सात फुटांवर खुर्च्यांची एक रांग आणि तिच्या मागे वक्राकार, 18 इंच उंचीचा दगडी कट्टा अशी ती रचना आहे. एरवी हा कट्टा पॅटिओची कड सांभाळतो आणि पाहुणे आले की त्यावर आणखी दहाजण सहज बसतात. आराखड्यात तीन फुटांवर ठेवलेला सोफा देखणा दिसतो, पण तिथे बसणाऱ्याचे गुडघे भाजतात आणि उठून मागे सरकायला जागा नसते, हे त्यांनी आधीच बजावले होते.

आमच्याकडे हिवाळ्यातला वारा मुख्यतः वायव्येकडून येतो. तो थेट फायरप्लेसच्या तोंडात शिरला, तर धूर बसलेल्यांच्या चेहऱ्यावर येतो. म्हणून फायरप्लेसची पाठ वायव्येला ठेवली. या दिशेचा एक फायदा केवळ आमच्या घरापुरता आहे: पूर्वेचे आकाश मोकळे राहिल्यामुळे कोजागिरीचा चंद्र धुराड्याआड जात नाही. डिझायनरबाईंना कोजागिरी ठाऊक नव्हती, पण अट कळल्यावर त्यांनी चंद्रोदयाची दिशा पाहून आराखडा पुन्हा तपासला. इतकी आस्था मला दुसऱ्या कुठल्याही कंत्राटदारात दिसलेली नाही.

बांधकामाचा जो भाग डोळ्यांना दिसत नाही, त्यात या कंपनीचे काम उत्तम आहे. थंडीत जमिनीतले पाणी गोठून माती वर उचलली जाते, त्यामुळे इतक्या जड बांधकामाचा पाया गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. आमच्याकडे तो 36 इंच खोल आहे. अग्निकोष, म्हणजे लाकडे जळतात तो कोनाडा, भट्टीच्या विटांचा असून त्या उष्णतारोधक मसाल्याने अगदी बारीक सांध्यांत बसवल्या आहेत, कारण साधा सिमेंटचा मसाला तिथे तडकतो. नदीतले गोल गोटे आत शोभेसाठी बसवावेत, असे आमच्या मुलाने सुचवले होते. मात्र अशा दगडांत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटू शकतात, म्हणून कंपनीने स्पष्ट नकार दिला. कोषाचा आकार रम्फर्ड पद्धतीचा, म्हणजे उंच, उथळ आणि तिरप्या बाजूंचा आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेल्या काउंट रम्फर्डने 1796 मध्ये या रचनेविषयी निबंध प्रसिद्ध केला होता, आणि उष्णता मागे न अडकता समोर फेकली जाते हा तिचा गुण उघड्या अंगणात अधिकच उपयोगी पडतो. तोंड 36 इंच रुंद आणि 30 इंच उंच आहे. धुराड्याचा छेद तोंडाच्या क्षेत्रफळाच्या साधारण एक दशांश हवा, हा हिशेब त्यांनी आम्हाला कागदावर मांडून दाखवला. वर ठिणग्या अडवणारी जाळी आहे.

फरशीच्या निवडीत मात्र थोडे ओढूनताणून झाले. त्यांचा आग्रह पेनसिल्व्हेनियाच्या ब्लूस्टोन या निळसर-करड्या दगडाचा होता. तो सुरेख दिसतो, पण गडद रंगामुळे जुलैच्या उन्हात अनवाणी पाय ठेववत नाही. शेवटी आम्ही विस्तवासमोरच्या पट्ट्यापुरता ब्लूस्टोन घेतला आणि बाकी सगळीकडे फिकट रंगाचे पेव्हर, म्हणजे फरसबंदीचे ठोकळे, लावले. घरापासून दूर जाणारा उतार फुटामागे पाव इंच आहे आणि मोठ्या पावसानंतरही पाणी कुठे साचत नाही. टाउनशिपची, म्हणजे स्थानिक प्रशासनाची, परवानगी, भूखंडावर किती टक्के बांधकाम चालते याचा हिशेब आणि खोदण्याआधी 811 वर फोन करून जमिनीखालच्या वाहिन्यांची आखणी, ही सारी कटकट त्यांनीच निस्तरली.

तक्रार आहे ती शेवटच्या टप्प्याची. पेव्हरच्या सांध्यांत भरायची, पाणी मारल्यावर घट्ट होणारी पॉलिमरयुक्त वाळू भरून झाल्यावर फरशीवर उरलेली भुकटी पूर्णपणे झाडून मगच पाणी मारायचे असते. कामगारांनी पाऊस येईल या घाईत ती नीट झाडली नाही आणि पेव्हरवर भाकरीवरच्या पिठासारखा पांढरा थर धरला. तो घालवण्यासाठी कंपनीची माणसे आली खरी, परंतु त्यासाठी आम्हाला वारंवार आठवण करून द्यावी लागली. आणि कट्ट्याजवळच्या कोपऱ्यात तो अजूनही तिरप्या उन्हात दिसतो. डिझायनरबाई आणि बांधकामाचा मुकादम यांच्यात या टप्प्यावर बोलणे होत नसावे, असा माझा ग्रह झाला.

किमतीबाबत एवढे सांगतो, की आम्हाला आलेल्या अंदाजपत्रकांत हे सर्वांत स्वस्त नव्हते, पण डिझाइनचे शुल्क वेगळे दाखवलेले होते आणि बांधकाम त्यांच्याकडून न केल्यास आराखडा आमच्याकडेच राहणार होता. या एका अटीसाठी मी त्यांना इतरांपेक्षा वरचे स्थान देईन. पॅटिओशेजारी लाकडे रचण्याची छपरी आणि पायऱ्या यांचे कामही आम्ही त्यांनाच दिले आहे; मात्र या वेळी वाळू भरण्याच्या दिवशी डिझायनरबाई स्वतः हजर राहतील, हे कलम करारात लिहून घेतले आहे.