अंगण खरंच वाकडं होतं का? पाच महिने मोशन कंट्रोलवर खेळल्यानंतर

आधीच सांगतो, हा कुठल्या एका गेमचा रिव्ह्यू नाहीये. गेले पाच महिने मी ठरवून, जिथे जिथे सोय आहे तिथे मोशन कंट्रोल, म्हणजे कंट्रोलर हलवून खेळण्याची सोय, चालू ठेवून खेळलो. मुख्य म्हणजे निन्टेंडोच्या झेल्डा मालिकेतल्या, तलवारबाजीच्या स्कायवर्ड स्वोर्डची २०२१ ची एचडी आवृत्ती, मग रंग उडवायचा शूटर (नेम धरून मारायचा गेम) स्प्लॅटून ३, आणि पीसीवर जायरोवाला, म्हणजे हाताचं फिरणं ओळखणारा कंट्रोलर जोडून दोनतीन शूटर. कारण म्हणाल तर चुलतभावाशी झालेलं भांडण. त्याचं म्हणणं, हात हलवून खेळायच्या गेम्सवर रिव्ह्यूवाल्यांनी कायम अन्याय केला, यांना खेळता येत नाही आणि मार्क गेमचे कापतात, नाचता येईना अंगण वाकडं. मी म्हटलं अरे त्यांचं पोट त्यावर चालतं, आयुष्यभर तेच करतात ते, त्यांना नाही जमलं तर कोणाला जमणार. मग म्हटलं बघूच.

पहिला आठवडा मी पूर्ण रिव्ह्यूवाल्यांच्या बाजूने होतो. स्कायवर्ड स्वोर्ड मूळ २०११ साली निन्टेंडोच्या वी या कन्सोलवर आला तेव्हा बहुतेकांनी डोक्यावर घेतला, सगळ्या रिव्ह्यूंची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर शंभरपैकी ९३, पण गेमस्पॉट या साइटने दहापैकी ७.५ दिले आणि तेव्हा त्यावरून रणकंदन झालं होतं. त्या रिव्ह्यूतली एक मोठी तक्रार होती की कंट्रोल नीट साथ देत नाहीत. मी तो रिव्ह्यू पुन्हा काढून वाचला आणि मनात म्हटलं, शंभर टक्के खरं.

कारण घिराहिम. ज्यांनी खेळला नाहीये त्यांच्यासाठी: हा पहिला मोठा बॉस, म्हणजे तगडा शत्रू, हा प्राणी तुमची तलवार चक्क बोटांत पकडतो. तुम्ही तलवार डावीकडे धरली की त्याचा हात तिकडे येतो, उजवीकडे नेली की उजवीकडे, आणि जिथे हात आहे तिथूनच वार केला की तलवार पकडलीच समजा. म्हणजे एका बाजूला धरून त्याला फसवायचं आणि दुसऱ्या बाजूने मारायचं. कळायला सोपं. पण मी उजवीकडून मारायला जायचो आणि पडद्यावर लिंक (गेमचा नायक) डावीकडून उजवीकडे तलवार फिरवायचा, बरोबर उलटं. मी ओरडायचो की हे वाचतच नाहीये, सेन्सर गंडलाय. अकरा वेळा मेलो, मोजलंय मी. बाराव्या वेळी फोनवर स्वतःचाच व्हिडिओ काढला आणि मग खाली बसून हसलो. झालं असं होतं की उजवीकडून मारायचं म्हणून मी आधी हात झटक्यात उजवीकडे न्यायचो, म्हणजे आपण बॅट मागे नेतो तसं, आणि गेम त्या मागे नेण्यालाच वार समजत होता. त्याचं काय चुकलं? हात जोरात डावीकडून उजवीकडे गेला होता, त्याने तेच दाखवलं. हात मागे न्यायचा तो सावकाश, आणि मारायचा तो झटक्यात, एवढंच. पण हे डोक्याला कळणं आणि मनगटाला कळणं यात मला तीन आठवड्यांचं अंतर पडलं. पुढे घिराहिम दुसऱ्यांदा भेटतो तेव्हा मी दुसऱ्या प्रयत्नात उडवला आणि हात मागे नेण्याचा विचारसुद्धा आला नाही. हात बसला होता.

आता यातून माझ्या डोक्यात जे आलं ते असं की रिव्ह्यू लिहिणाऱ्याला ते तीन आठवडे मिळतच नाहीत. गेम हातात येतो, अमुक तारखेला रिव्ह्यू टाकायचा असतो, मध्ये चाळीस तासांचा गेम संपवायचा असतो, म्हणजे जे काही लिहिलं जातं ते नव्याच्या नऊ दिवसांतच. साध्या गेमला हे चालून जातं कारण त्याचा हात वीस वर्षांपूर्वीच बसलेला असतो, दोन स्टिक आणि चार बटणं हे त्याला आता शिकावं लागत नाही. म्हणजे तुलना काय होते, वीस वर्षांची सवय विरुद्ध पाच दिवसांची. आणि गंमत म्हणजे ही दोन स्टिकची पद्धत पण एके काळी नवीनच होती! २००० साली प्लेस्टेशनवर एलियन रिझरेक्शन आला, त्यात डाव्या स्टिकने चालायचं आणि उजवीने बघायचं, आज प्रत्येक शूटरमध्ये असतं तेच, आणि तेव्हा गेमस्पॉटनेच लिहिलं होतं की यातली सगळ्यात भयानक गोष्ट म्हणजे याचे कंट्रोल. आज वाचून हसू येतं पण मला वाटतं तो माणूस खोटं बोलत नव्हता, त्याला त्या आठवड्यात खरंच तसं वाटलं असणार.

पण थांबा, भावाला जिंकू देत नाहीये मी. कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं.

पहिल्या वीचंच घ्या. २००६ च्या त्या रिमोटमध्ये फक्त अॅक्सेलरोमीटर होता, शिवाय पुढे एक इन्फ्रारेड कॅमेरा. अॅक्सेलरोमीटरला वेग बदलल्याचा धक्का कळतो आणि गुरुत्वाकर्षणामुळे रिमोट पुढेमागे किंवा आडवा किती कललाय ते कळतं, पण रिमोट सपाट धरून सावकाश डावीकडून उजवीकडे वळवला तर त्याला काहीच पत्ता लागत नाही, कारण जमिनीच्या दृष्टीने काही बदललेलंच नाही. कॅमेऱ्याला टीव्हीजवळच्या पट्टीचे दिवे दिसतायत तोवर ठीक, पण तलवारीसारखा फिरवला की ते दिवे नजरेबाहेर. म्हणून त्या काळातल्या ढीगभर गेम्समध्ये तुम्ही कसाही हात झटका, एक ठरलेला वार व्हायचा. तिथे शिकण्यासारखं काही नव्हतंच, बटणाच्या जागी झटका. त्याला शिव्या घालणारे रिव्ह्यूवाले बरोबरच होते. २००९ मध्ये रिमोटला जोडायचा मोशनप्लस आला, त्यात जायरो, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर, आणि मग कुठे तलवार हातासोबत फिरायला लागली. स्कायवर्ड स्वोर्डला तो सक्तीचा होता ते याच्यामुळेच.

जायरोचं पण एक दुखणं आहे. तो कोन मोजत नाही, वेग मोजतो, आणि त्याची बेरीज करत करत कोन काढतो, त्यामुळे बारीक बारीक चुका साठत जातात आणि दहा मिनिटांनी तुम्ही सरळ धरलंय तरी गेमला वाटतं थोडं डावीकडे. म्हणून मध्येच बटण दाबून सेंटर करावं लागतं. एचडीमध्ये वाय दाबायचं. मी आता हे इतकं करतो की कळतही नाही, प्रत्येक मारामारीच्या आधी अंगठा आपोआप जातो, पण नवीन माणसाला हे त्रासदायक वाटणारच आणि तो तसं लिहिणारच, आणि मला विचाराल तर त्याने लिहावंच.

मी आता स्वतःपुरती एक कसोटी लावतो. चूक रोज तीच होतेय का रोज नवीन? घिराहिमकडे माझी चूक अकराच्या अकरा वेळा तीच होती, म्हणजे यंत्र इमानदार आहे, शिकता येईल. याच्या उलट २०१२ चा स्टील बटालियन: हेवी आर्मर, किनेक्ट या हालचाल टिपणाऱ्या कॅमेऱ्यावाला, ज्यात रणगाड्यात बसून हवेतल्या हवेत दांडे ओढायचे होते, त्याबद्दल जवळपास सगळीकडे एकच रडगाणं होतं की हात पुढे केला की कधी काय धरलं जाईल याचा नेम नाही. तीच हालचाल, दर वेळी वेगळं उत्तर. तिथे तुम्ही वर्षभर घासलंत तरी हात बसणार नाही कारण बसायला जागाच नाही. प्लेस्टेशन ३ वरचा २००७ चा लेअर बघा, ड्रॅगन उडवायला कंट्रोलरच कलवायचा. रिव्ह्यू वाईट आले तेव्हा सोनीने रिव्ह्यूवाल्यांना गेम कसा खेळावा याची गाईड पाठवली होती, म्हणजे तुम्हाला नाचता येत नाही असंच सुचवलं एका अर्थी. आणि पुढच्या वर्षी गपचूप पॅच देऊन साध्या स्टिकने उडवायची सोय केली. आता काय बोलायचं.

स्प्लॅटूनबद्दल फार लिहीत नाही कारण तिथे वादच उरला नाही माझ्यासाठी. उजव्या स्टिकने फक्त आडवं वळायचं, बारीक नेम मनगटाने. पहिले चार दिवस कॅमेरा छताकडे जायचा, मग सेन्सिटिव्हिटी कमी केली, मग पंधरा दिवसांनी परत वाढवली, आणि आता जायरो नसलेला शूटर हातात घेतला की हातमोजे घालून शिवणकाम केल्यासारखं वाटतं. फोर्टनाइटसारख्या गेमनेसुद्धा २०२२ मध्ये जायरो नीट आणला. कोणी रिव्ह्यूमध्ये याचे जास्तीचे मार्क दिले का? मला तरी फारसे दिसले नाहीत. बहुतेक ठिकाणी एक ओळ, मोशन कंट्रोल आहेत, बंद करता येतात. बंद करता येतात हे कौतुक!

यात मला एक रिव्ह्यूवाला मात्र मनापासून आवडला. २०१६ मध्ये वी नंतरच्या वी यू कन्सोलवर स्टार फॉक्स झीरो आला, टीव्हीवर यान दिसतं आणि हातातल्या गेमपॅडच्या स्क्रीनवर कॉकपिट, नेम गेमपॅड हलवून धरायचा, म्हणजे डोळे दोन ठिकाणी. पॉलिगॉन या साइटच्या माणसाने सरळ लिहिलं की मला हा पुढे खेळवत नाही, मी पूर्ण केला नाही, म्हणून मार्क देत नाही. लोकांनी त्याला पण धुतला. मला वाटतं त्या आठवड्यातलं सगळ्यात प्रामाणिक लिखाण तेच असेल. पाच दिवसांत हात बसला नाही तर तेवढं सांगावं की बाबा, नाही बसला, तो आकडा कशाला.

दुसरी बाजू पण आहे ना. विकत घेणाऱ्याला पण पहिला आठवडाच आधी येतो, आणि बरेच जण तिथेच सोडून देतात. तीन आठवड्यांनी मजा येईल हे कोणत्या तोंडाने सांगणार, आणि मनगट दुखतं ते वेगळंच. माझं दुसऱ्या महिन्यात दुखत होतं, कारण मी उगाच खांद्यापासून तलवार फिरवत होतो. आता सोफ्यावर टेकून, कोपर मांडीवर, फक्त मनगट. दिसायला एकदम आळशी, पण वार अचूक.

परवा चुलतभाऊ आला. म्हटलं घे, तू तर याचा वकील, मार घिराहिमला. चार वेळा मेला आणि म्हणाला तुझं सेटिंग काहीतरी चुकलंय. मग हळूच कळलं की त्याने अख्खा गेम बटण मोडवर, उजव्या स्टिकने तलवार फिरवून संपवलाय.

तो गेल्यावर ते ७.५ वालं परत वाचलं. तलवारीबद्दल जे लिहिलंय त्यातलं मला आता जवळपास काहीच पटत नाही. पण पोहणं, पक्ष्यावर बसून उडणं, दोरीवरून चालणं या सगळ्यासाठी पण कंट्रोलर कलवायला लावलाय त्यावर माझी कुरकुर पाच महिन्यांनी पण तशीच आहे, जमतं मला, नाही असं नाही, पण तिथे स्टिक असती तर जास्त छान जमलं असतं. तलवार कुठून येतेय याला अर्थ आहे, पोहताना मनगट वाकवण्याला काय अर्थ आहे? आणि गेममध्ये हात हलवून वाजवायची ती वीणा. ती तालात छेडणं मला आजही जमत नाही, आणि माझ्या कसोटीने बघायला गेलं तर चूक रोज तीच होतेय.