ई-रीडरवर अद्भुतरम्य कादंबऱ्या : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेले काही महिने माझे फावल्या वेळातले जवळजवळ सगळे वाचन सहा इंची ई-इंक (कागदावरच्या शाईसारख्या दिसणाऱ्या) पडद्याच्या ई-रीडरवर, म्हणजे ई-पुस्तके वाचण्याच्या यंत्रावर, झाले आहे. मी स्वतः एक अद्भुतरम्य कादंबरी लिहीत असल्यामुळे इतर लेखकांनी आपापली जगे कशी उभी केली हे न्याहाळण्यासाठीही मी हे यंत्र वापरले, आणि त्या कामी ते अतिशय उपयोगी ठरले. पडद्याबद्दल एवढेच सांगतो की तासन्‌तास वाचूनही डोळे शिणत नाहीत आणि चार्जिंगची आठवण क्वचितच होते.

सर्वांत मोलाची सोय म्हणजे पुस्तकातला शोध. उर्सुला ले ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) या कादंबरीचा नायक गेड तांबूस-तपकिरी वर्णाचा आहे, पण लेखिका त्यासाठी गोष्ट थांबवत नाही. रंगवाचक शब्द शोधून पाहिल्यावर हे उल्लेख इतर वाक्यांच्या पोटात किती सहज ठेवलेले आहेत ते लक्षात आले. जादूचे नियमही असेच येतात. रोक बेटावरच्या जादूच्या शाळेत गुरू खड्याला हिऱ्याचे रूप देतात आणि तो हिरा कायमचा हिराच कसा राहील, असे गेड विचारतो. त्यावर भास निर्माण करणे वेगळे आणि वस्तू खरोखर पालटून जगाचा तोल ढळवणे वेगळे, हे गुरू त्याला समजावतात. हा उतारा मी पुन्हा पुन्हा वाचला. नियम सांगितला जात असूनही तो व्याख्यान वाटत नाही, कारण विचारणारा मुलगा अधीर आहे आणि त्याची ती अधीरताच पुढच्या अनर्थाचे बीज आहे.

एन. के. जेमिसिन यांच्या ‘द फिफ्थ सीझन’साठी (२०१५) अनुक्रमणिका कामी आली. या कादंबरीत तीन कथासूत्रे आलटून पालटून येतात, त्यांपैकी एक द्वितीयपुरुषी निवेदनात (पात्राला ‘तू’ म्हणून उद्देशून) आहे, आणि प्रकरणाच्या शीर्षकावरूनच ते कोणत्या सूत्राचे आहे हे कळते. दुसऱ्या वाचनात अनुक्रमणिकेतून उड्या मारत एकेक सूत्र सलग वाचले, तेव्हा कोणती माहिती कोणत्या सूत्रात राखून ठेवली आहे हे उलगडले. पहिल्या वाचनात मात्र कोणीही असे करू नये. कादंबरीची सारी ताकद त्या क्रमातच आहे.

तळटिपांच्या बाबतीत माझे समाधान झाले नाही. सुझाना क्लार्क यांच्या ‘जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल’मध्ये (२००४) तळटिपांतून लोककथा, जुने ग्रंथ आणि जादूगारांचे वाद असा एक समांतर इतिहासच उभा राहतो, आणि काही टिपा तर छोट्या कथांइतक्या लांब आहेत. छापील पानावर टीप मजकुराखालीच खुणावत असते. इथे इवल्या आकड्यावर बोट नेमके टेकवावे लागते, उघडलेल्या चौकटीत लांब टीप अपुरी दिसते आणि मग शेवटच्या विभागात जाऊन परतावे लागते. नकाशांची अवस्था त्याहून वाईट आहे. बेटांची नावे राखाडी ठिपक्यांत विरघळतात आणि चित्र मोठे केले की दिशांचे भान सुटते. ज्या कादंबरीत प्रवास हाच कथेचा कणा आहे, ती मी तरी कागदावरच वाचेन.

किती पुस्तक वाचून झाले हे दाखवणारा टक्केवारीचा आकडाही बंद ठेवावा. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या अखेरीस दीर्घ परिशिष्टे आहेत, आकड्यावर विसंबल्यास अजून बरेच बाकी आहे असे वाटत असतानाच कथा संपते, आणि निरोपाच्या प्रकरणाला मिळायला हवी ती निवांत तयारी मनाला मिळत नाही.

अलीकडे मी माझा मराठी मसुदाही ईपब स्वरूपात (पडद्याच्या मापाप्रमाणे मजकूर जुळवून घेणाऱ्या ई-पुस्तकाच्या फाइलच्या रूपात) यात घालून वाचतो. देवनागरी जोडाक्षरे नीट दिसतात. पीडीएफ मात्र या आकाराच्या पडद्यावर वाचवत नाही. इथे मजकूर दुरुस्त करता येत नाही, फक्त खूण करता येते, हा मला मोठाच लाभ वाटतो, कारण वाक्य घासत बसण्याऐवजी पुढे वाचत जावे लागते. एकही पात्र काही करत नाही आणि केवळ राज्याचा इतिहास चालू आहे, असे तीन पडदे ओळीने आले की तिथे मी खूण करतो. त्या खुणांवरून सध्या दुसऱ्या प्रकरणाची फेरमांडणी सुरू आहे.