‘द बुचर बॉय’ घ्यावी की ‘इन द फॉरेस्ट’?

माणूस खुनी कसा होतो, हे सांगणाऱ्या आयरिश कादंबऱ्यांपैकी एकच वाचायची असेल, तर माझं मत पॅट्रिक मॅकेब यांच्या ‘द बुचर बॉय’ला (१९९२). एडना ओब्रायन यांची ‘इन द फॉरेस्ट’ (२००२) मी दुसरी ठेवेन.

दोन्हींत आई लवकर जाते, मुलाला सुधारगृहात धाडतात, तिथे पाद्रीच त्याचं शोषण करतात. गावाला सगळं ठाऊक असतं. फरक आहे तो आपण कुठे उभे राहून बघतो यात.

मॅकेब आपल्याला फ्रान्सी ब्रेडीच्या डोक्यातच नेऊन बसवतात. काळ १९६०च्या दशकाच्या सुरुवातीचा, बाप दारुडा, आई मनाने खचलेली. शेजारच्या मिसेस न्यूजंट या घराला डुकरं म्हणतात, आणि तो शब्द पोराच्या मनात रुततो. तो भर रस्त्यात त्यांना अडवून ‘डुक्कर टोल’ मागतो. आपल्याला हसू येतं, आणि तिथेच आपण त्याच्या बाजूचे होऊन बसतो. पुढे घर सोडून पळालेला फ्रान्सी आईसाठी भेटवस्तू घेऊन परततो, तेव्हा ती गेलेली असते. बाप मेल्यावरही तो त्याच्याशी बोलत राहतो. त्याने मिसेस न्यूजंटचं काहीतरी केलंय, हे पहिल्याच वाक्यात कळतं, तरी हा मुलगा वाचावा असं शेवटपर्यंत वाटत राहतं. असं वाटायला लावणं हेच या लेखनाचं मोठेपण. भाषा मात्र बोलीतली, विरामचिन्हं जेमतेम; सुरुवातीची पानं मोठ्याने वाचा, लय सापडते.

ओब्रायन यांच्या कादंबरीमागे १९९४मध्ये काउंटी क्लेअरच्या जंगलात खरोखर घडलेलं हत्याकांड आहे. इतक्या ताज्या जखमेवर कादंबरी लिहावी का, यावरून आयर्लंडमध्ये वादही झाला. मला ती लिहिली हे योग्यच वाटतं, कारण इथे खुनी मिचेन ओकेनइतकीच त्याला बळी पडलेली आयली आणि तिचा छोटा मुलगाही जिवंत होतात. मॅकेबकडे मिसेस न्यूजंट फक्त फ्रान्सीला दिसतात तेवढ्याच दिसतात. ही उणीव ओब्रायन भरून काढतात. पण आवाज अनेक असल्यामुळे मिचेन आतून तितका उलगडत नाही.

लहान मुलाच्या हत्येबद्दल वाचणं झेपणार नसेल, तर ‘इन द फॉरेस्ट’ घेऊच नका. ‘द बुचर बॉय’वर नील जॉर्डनचा १९९७चा चित्रपट आहे; तो पुस्तकानंतर पाहा, नाहीतर फ्रान्सीचा आवाज तुमच्या मनात आपला आपण तयार होणार नाही.