टोनआर्मसाठी नळी: ॲल्युमिनियम, कार्बन फायबर की बासरीचा बांबू?

टर्नटेबलचा टोनआर्म, म्हणजे रेकॉर्डवर सुई तोलून धरणारा दांडा, घरी तयार करायला घेतला की पहिला प्रश्न नळी कशाची घ्यावी हाच पडतो, आणि जाहिराती त्याचे उत्तर टायटॅनियम, मॅग्नेशियम, कार्बन अशा भारदस्त नावांनी देतात. सहज मिळणाऱ्या तीन प्रकारच्या नळ्या मी एकाच बैठकीवर आणि ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई या एकाच कार्ट्रिजसह (सुई बसवलेल्या डबीसह) वापरून पाहिल्या. त्यावरून माझे मत असे झाले की नळी कशाची आहे यापेक्षा आर्मच्या मागचे तोलाचे वजन, म्हणजे काउंटरवेट, आर्म ज्यावर फिरतो त्या आसापासून किती अंतरावर बसवले आहे, याचा परिणाम अधिक होतो. नळीपुरते बोलायचे तर तिघींत मी बासरीचा बांबू निवडतो.

निवड करण्यापूर्वी थोडा हिशेब आवश्यक आहे. सुईची लवचीक कांडी आणि आर्मचे जडत्व मिळून स्प्रिंग आणि वजन अशी जोडी तयार होते आणि तिचा स्वतःचा अनुनाद, म्हणजे ती आपोआप ज्या वेगाने डोलते तो वेग, ठरलेला असतो. तो साधारण ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान यावा लागतो, कारण त्याखाली वाकड्या रेकॉर्डची हालचाल असते आणि वर २० हर्ट्झपासून संगीत सुरू होते. सूत्र सोपे आहे: एकूण भार ग्रॅममध्ये घेऊन त्याला कार्ट्रिजच्या लवचीकतेच्या आकड्याने गुणावे आणि त्या गुणाकाराच्या वर्गमुळाने १५९ ला भागावे. व्हीएम९५ईची लवचीकता १०० हर्ट्झला ७ दिलेली आहे. १० हर्ट्झला ती दीडपट ते दुप्पट धरण्याची पद्धत आहे, म्हणून मी १२ धरली. १० हर्ट्झचा अनुनाद हवा असेल तर एकूण भार सुमारे २१ ग्रॅम येतो. त्यातून कार्ट्रिजचे ६.१ ग्रॅम आणि स्क्रूंचा एखादा ग्रॅम वजा केला की आर्मच्या वाट्याला १४ ग्रॅम उरतात. हे आर्मचे तराजूवरचे वजन नव्हे, तर सुईच्या टोकाशी जाणवणारा भार होय. सरळ, एकसारख्या नळीचा त्यात जेमतेम एक तृतीयांश वाटा मोजला जातो, आणि टोकाला बसणारे, कार्ट्रिज धरणारे हेडशेल मात्र जवळपास पूर्ण मोजले जाते.

आता धातूंविषयी, कारण गैरसमज तिथेच सर्वाधिक आहेत. ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, टायटॅनियम आणि पोलाद या चौघांच्या ताठरपणाला त्यांच्या घनतेने भागले तर उत्तर जवळपास सारखेच, २५ च्या आसपास येते. टायटॅनियम हलके असूनही ताठ असते हे म्हणणे पोलादाच्या तुलनेत अर्धेच खरे आहे, कारण ते जितके हलके तितकेच लवचीकही असते. खरा लाभ कमी घनतेचा होतो: तेवढ्याच वजनात नळी अधिक जाड व्यासाची घेता येते आणि वाकण्याला होणारा विरोध व्यासाबरोबर झपाट्याने वाढतो. एसएमई कंपनीने आपल्या सिरीज व्ही आर्मसाठी मॅग्नेशियमचे ओतकाम निवडले त्यामागे हाच विचार दिसतो. रेगा कंपनीचा १९८३ चा आरबी३०० आर्म मात्र ॲल्युमिनियमच्या अखंड ओतीव नळीचा होता आणि किमतीच्या मानाने तो आजही वाखाणला जातो.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी १० मिमी व्यासाची आणि १ मिमी जाडीची ॲल्युमिनियमची नळी २२ सेंटिमीटर कापली तर सुमारे १७ ग्रॅम भरते, म्हणजे सुईच्या टोकाशी साडेपाच ग्रॅमच्या थोडी पुढे. ती कापायला आणि भोके पाडायला सोपी आहे, तिला अर्थिंगची तार जोडता येते आणि आतल्या तारांना आपोआप कवच मिळते. तिचा एकच दोष आहे, पण तो ऐकू येतो: बोटाने टिचकी मारली की ती वाजते. आत कापूस किंवा लोकर सैल भरली तर हा आवाज बराच शमतो, परंतु पूर्ण जात नाही.

८ मिमी व्यासाची कार्बन फायबरची नळी सर्वांत हलकी भरते. ती पतंग आणि रेडिओने चालणारी खेळण्यातली विमाने बनवणाऱ्यांसाठी विकली जाते. घेताना सगळे धागे लांबीच्याच दिशेने जाणारी नळी टाळावी आणि विणलेल्या कापडाची घ्यावी. हेडशेल तिरपे बसवलेले असल्यामुळे आर्मला पीळही सहन करावा लागतो आणि पहिल्या प्रकारची नळी तिथे कमी पडते. ती कापताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून मुखपट्टी लावून आणि पाणी शिंपडतच करवत चालवावी. मुंबई-कोकणच्या खाऱ्या दमट हवेत कार्बनला थेट चिकटलेले ॲल्युमिनियम गंजते, तेव्हा दोहोंमध्ये इपॉक्सीचा पूर्ण थर असू द्यावा.

बांबूकडे मी प्रथम साशंकतेनेच पाहिले होते. माणगा हा सिंधुदुर्गातला बांबू जवळपास भरीव असल्याने त्यातून तार नेता येत नाही. खालून खाच पाडावी लागते. बासरीसाठी आसामकडून येणारा बांबू मात्र या कामासाठीच घडवल्यासारखा आहे, कारण त्याच्या दोन पेरांमधले अंतर मोठे असते, भिंत पातळ असते आणि २२ सेंटिमीटरचा तुकडा एकही गाठ न येता निघतो. १४ मिमी व्यासाचा आणि २ मिमी भिंतीचा असा तुकडा ११ ग्रॅमच्या आसपास भरतो. गणिताने त्याचा ताठरपणा वरच्या ॲल्युमिनियमच्या नळीइतकाच येतो, वजन मात्र दोन तृतीयांश. टिचकी मारल्यावर तो फक्त टक् असा आवाज करून गप्प होतो. पुण्याच्या बुरुड आळीतल्या टोपल्यांच्या ओल्या बांबूवर भागवू नये. बासरी करणाऱ्याकडून नीट वाळवलेला, बोरॅक्सचे पाणी दिलेला तुकडा मागावा, नाहीतर भुंगा लागतो. पावसाळ्यात बांबू आडवा थोडा फुगतो, पण लांबीत जवळजवळ बदलत नाही, त्यामुळे सुईची जागा ढळत नाही. आडव्या फुगण्यामुळे ठोकून बसवलेले धातूचे भाग उन्हाळ्यात सैल होतात, म्हणून तेही इपॉक्सीनेच चिकटवावेत. बासरीवाले टोके फुटू नयेत म्हणून ज्या रीतीने दोरा गुंडाळतात, तीच रीत इथेही वापरावी. उणीव एकच, पण महत्त्वाची: बांबूत तारांना कवच मिळत नाही, त्यामुळे चारही तारा जोडीजोडीने घट्ट पिळाव्या लागतात.

ॲल्युमिनियम, बांबू आणि कार्बन या क्रमाने तिन्ही नळ्यांचा सुईच्या टोकाशी पडणारा भार ५.६, ३.६ आणि २.५ ग्रॅमच्या आसपास येतो. सर्वांत जड आणि सर्वांत हलक्या नळीत जेमतेम तीन ग्रॅमचा फरक आहे आणि त्याने अनुनाद एका हर्ट्झनेही सरकत नाही. काउंटरवेटची जागा चुकली तर याहून मोठा फरक पडतो. १०० ग्रॅमचे पितळ आसामागे ४५ मिमीवर बसवले तर ते सुईशी साडेतीन ग्रॅम मोजले जाते. ५० ग्रॅमचे ९० मिमीवर बसवले तरी तोल तोच राहतो, पण भार सात ग्रॅम होतो. म्हणून जड आणि जवळ हा नियम पाळावा. लेथवाल्याकडून ३० मिमी व्यासाची पितळी चकती कापून घ्यावी आणि भोक मध्यापेक्षा थोडे वर पाडून घ्यावे, म्हणजे गुरुत्वमध्य खाली येतो. शिसे जड असले तरी विषारी आहे आणि पितळ पुरेसे असताना त्याचा हट्ट धरण्याचे कारण नाही.

हेडशेलसाठी ३ मिमी ॲल्युमिनियमची पट्टी पुरते; कार्ट्रिजच्या दोन भोकांमधले १२.७ मिमी अंतर तेवढे काटेकोर ठेवावे. आसासाठी बॉलपेनच्या टोकातली टंगस्टन कार्बाइडची गोळी आणि तिच्यावर टेकणारा खळगा ही जोडी स्वस्त आणि चांगली आहे. नळीवर वाचवलेला पैसा तिथे आणि तारेत घालावा.

डेनॉनच्या डीएल-१०३ सारखे जड आणि कमी लवचीक कार्ट्रिज वापरणाऱ्याला हाच बांबू हलका पडेल, कारण तिथे आर्मचा भार १८ ग्रॅमच्या पुढे हवा. त्याने नळी बदलण्याऐवजी हेडशेल ॲल्युमिनियमऐवजी शिसवीच्या जाड तुकड्याचे करावे, किंवा आहे त्याच हेडशेलखाली पितळेची ४-५ ग्रॅमची पट्टी लावावी आणि मग काउंटरवेट थोडे मागे सरकवून तोल पुन्हा साधावा.