आमचा लाकडी खंड्या: सावंतवाडीत कुत्र्याची मूर्ती करून घेण्याचा अनुभव

आमचा खंड्या गेला त्याला आता दीड वर्ष होईल. गावठी कुत्रा, १३ वर्षं घरात होता. आईला फोटो फ्रेम नको होती, भिंतीवर लावला की हार घालायची वेळ येते आणि ते मला बघवणार नाही असं ती म्हणाली, म्हणून लाकडात करून घ्यायचं ठरलं.

आधी ऑनलाइन फसलो ते सांगतो. फोटोवरून लाकडी मूर्ती अशी जाहिरात होती, पैसे आधी भरले आणि आलं काय तर एमडीएफच्या (लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीच्या) तुकड्यावर लेसरने जाळून काढलेला चपटा फोटो. परतही घेतला नाही. ऑर्डर देण्याआधी त्यांच्याकडून पूर्वी केलेल्या कामाचा सगळ्या बाजूंनी व्हिडिओ मागवून घ्या, एवढंच सांगेन.

मग कोल्हापूरहून आंबोली घाट उतरून सरळ सावंतवाडी गाठली. चितार आळीत लाकडी फळं, बैलगाड्या, भोवरे, पोळपाट असा तयार माल भरपूर मिळतो पण ऑर्डरचं काम सगळेच घेत नाहीत, दोन दुकानांनी नाही म्हणून सांगितलं, तिसऱ्याने एका कारागीर काकांकडे पाठवलं.

काकांनी माझ्या मोबाईलमधले फोटो बघितले आणि म्हणाले यातला एकही चालणार नाही. पोटात गोळाच आला. पण त्यांचं बरोबर होतं, आपण उभं राहून वरून फोटो काढतो त्यामुळे डोकं मोठं आणि पाय आखूड दिसतात, त्यावरून कोरलं तर भलतंच जनावर होणार. त्यांना कुत्र्याच्या उंचीवरून काढलेला समोरचा, बाजूचा आणि पाठीमागचा फोटो हवा होता. खंड्या तर गेलेला. शेवटी भाचा रांगत होता तेव्हाचा एक व्हिडिओ सापडला, ताईने जमिनीवर बसून काढलेला, त्यात खंड्या त्याच्याभोवती फिरतोय, त्यातून ११ स्क्रीनशॉट पाठवले. तुमच्याकडे कुत्रा असेल तर आजच खाली बसून चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा, खरंच सांगतोय.

त्यानंतर त्यांनी विचारलं, बसायचा कसा? मी सांगितलं एका कुल्ल्यावर कलून, डावा पाय बाहेर काढून. मग बसलेलाच करू म्हणाले, कारण उभ्या कुत्र्याच्या बारीक पायांत लाकडाच्या रेषा आडव्या आल्या की ते धक्क्याने मोडतात, शेपूटसुद्धा त्यांनी अंगाला चिकटवूनच ठेवली. मला सागवान हवं होतं, त्याला त्यांनी साफ नकार दिला. सागाच्या गडद रेषा चेहऱ्यावर येतात आणि डोळे त्यात हरवतात म्हणाले. पूर्वी इथली खेळणी पांगाऱ्याची व्हायची, हलकं मऊ लाकूड, पण बारीक कामाला शिवणीच्या झाडाचं लाकूड बरं म्हणून शिवणीचा वाळलेला ठोकळा घेतला.

मध्ये एकदा मुद्दाम काम बघायला गेलो. वाकसने (लाकूड तासायच्या हत्याराने) ढोबळ आकार आधीच निघालेला, नाक आणि कान मात्र जाड ठेवलेले. खंड्याचा डावा कान टोकाला मोडलेला होता. काकांनी ठोकायची लाकडी मोगरी बाजूला ठेवली आणि नुसत्या हाताच्या जोराने पटाशी, म्हणजे कोरायची छिन्नी, फिरवायला लागले, कांद्याच्या पापुद्र्यासारखे छिलके पडत होते, आणि एका क्षणी तो कान दुमडला. तोपर्यंत ते कुत्रं होतं, त्या क्षणी खंड्या झाला. मला बोलताच येईना.

आता उणिवा. ६ आठवडे सांगून ११ लागले, पावसात रंग आणि पॉलिश सुकत नाही हे कारण खरं असलं तरी आधी सांगायला हवं होतं. छातीवरचा पांढरा पट्टा चुना फासल्यासारखा झालाय, खंड्याचा मळकट पांढरा होता. आणि एप्रिलमध्ये इकडची हवा कोरडी झाल्यावर बुडाशी केसाएवढी चीर गेली. फोन केला तर काका म्हणाले घेऊन या, भुसा आणि सरस भरून देतो, पैसे नकोत. १० इंचाच्या मूर्तीला ७००० घेतले. जेवढे दिवस ते त्या ठोकळ्याशी बसले ते बघता मला तरी जास्त वाटले नाहीत, यात घासाघीस करू नका.

मूर्ती शोकेसमध्ये ठेवलेली नाही. मागच्या दारात, खंड्या बसायचा तिथेच, तोंड गेटकडे करून आईने ठेवलीये. जाता येता ती कानावर हात फिरवते त्यामुळे तिथलं पॉलिश आत्ताच पुसट झालंय. पावसाळ्यानंतर चीर भरायला नेणार आहे, तेव्हा कानाला परत पॉलिश मारून घेऊ का विचारलं तर आई म्हणाली कानाला हात लावू देऊ नकोस.