बेळगावच्या शहापुरातलं व्हायोलिन दुरुस्तीचं दुकान, पट्टी न मोडता वाकवून दिली

आमच्या आप्पांचं व्हायोलिन कपाटावरून पडलं आणि कमरेजवळची, म्हणजे गज फिरायला जिथं आत खाच असते ना, तिथली बाजूची पट्टी फुटली. तंबोरा असता तर सरळ मिरजेची गाडी धरली असती, पण व्हायोलिनला बेळगावात कोण ओ? आधी एका ठिकाणी दिलं, त्यांनी कोरड्या पट्टीवरच हीट गन मारली, कट्‌कन दोन तुकडे आणि वर काळा डाग. आप्पा दोन दिवस नीट जेवले नाहीत.

मग गाणं शिकवणाऱ्या एका बाईंनी शहापुरातल्या ह्या काकांचं नाव सुचवलं. छोटी खोली, बोर्डपण नाही. त्यांनी एका मोडक्या जुन्या व्हायोलिनची मेपलच्या लाकडाची पट्टी काढून घासून घासून साधारण १ मिलिमीटरवर आणली. मी म्हटलं रात्रभर भिजवूया का, तर म्हणाले, "नको ओ, एवढी पातळ पट्टी भिजवली की फुगते, लाटा पडतात." नुसती ओल्या फडक्यानं पुसली. वाइसमध्ये (शिकंजात) लोखंडी पाइप, आत ब्लो लॅम्प, पाण्याचा थेंब टाकला की नाचत उडून गेला पाहिजे एवढा तापवतात आणि त्यावर पट्टी दाबून वाकवतात. पट्टीच्या बाहेरून पातळ पत्रा धरला, कारण लाकूड आतल्या बाजूनं भरपूर दबतं पण बाहेरून शंभरात एक-दोन भागच ताणतं, पुढं चिरतं. त्यात मेपलवर ते चमकदार पट्टे असतात तिथं लाकडाच्या रेषा वाकड्या जातात आणि नेमकी तिथंच मोडते. एकदा माझ्या हातात दिली, आधी टणक आणि मग एका क्षणात ओल्या चामड्यासारखी झाली, खरंच अंगावर काटा आला.

सोडल्यावर थोडी मागं येते म्हणून जरा जास्तच वाकवतात. जुलैचा पाऊस चाललेला, म्हणून चार दिवस साच्यावर क्लॅम्प लावूनच ठेवली. चिकटवायला सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांचा गोंदच वापरतात, पुढं कधी उघडायची झाली तर गरम पाण्यानं सुटतो.

फोन उचलत नाहीत आणि सांगितलेल्या तारखेपेक्षा आठ दिवस उशीर झाला, तेवढं सोसा. १८०० रुपये घेतले, मला जास्त वाटले नाहीत. जाताना फुटलेला तुकडा कितीही बारीक असू दे, टाकू नका, त्यावरूनच ते जाडी आणि रेषा जुळवतात.